अकरा ते तीन

शालिग्रामशेठच्या कापडदुकानातला कूलर बिघडला तो ऐन बस्त्याच्या मोसमात. साल अठ्ठ्याऐंशी, महिना मे, गाव जळगाव. लग्नाचा बस्ता बांधायचा म्हणजे दोन्हीकडचे मामा, काका, आत्या आणि कोणाचीच नसलेली दोन-चार माणसं, असा सगळा लवाजमा पांढऱ्या गादीवर तीन तीन तास बसतो. जो दुकानदार त्यांना गार ठेवील त्याच्याकडे ते साड्या घेतात. म्हणून शेठनं तीन वर्षांमागे गच्चीवर जीपगाडीएवढा कूलर बसवला होता. तीन बाजूंना गवताच्या ताट्या, ताट्यांवर पाण्याची धार, पोटात मोठा पंखा, आणि पत्र्याच्या नळातून गार हवा थेट खालच्या गादीवर.

तो कूलर बसवला होता सुकदेव मिस्तरीनं. तीस वर्षं मोटारी आणि पंप उघडून त्याचे हात काळे झाले होते, ते आता धुतले तरी काळेच राहत. मशिनच्या अंगाला कान लावून तो दुखणं सांगे आणि बहुतेक वेळा ते खरं निघे.

या वेळी मात्र दुखणं विचित्र होतं. सकाळी दहाला दुकान उघडलं की हवा गार. अकरा वाजले की वारा मंदावे आणि बाराला गादीवर भट्टी पेटे. तीननंतर हवा पुन्हा आपोआप गार.

"शेठ, चालू असताना बघावा लागेल," सुकदेव पहिल्याच दिवशी म्हणाला.

"गिऱ्हाईक बसलेलं असताना कूलरला हात लावायचा नाही. आहे तो वाराही जाईल. सकाळी आठला ये, नाहीतर दुकान बंद झाल्यावर ये."

सुकदेव सकाळी आठला आला. गच्ची रिकामी होती. एका कडेला पाच-सहा खाटा उभ्या करून ठेवल्या होत्या. त्यानं कूलर चालू केला, कान लावला आणि म्हणाला, "पाण्याचा पंप थकला." नवा पंप बसवला. हवा अशी गार आली की खाली झाडणाऱ्या उखर्डूनं, म्हणजे दुकानाच्या वॉचमननं, उपरणं अंगावर ओढून घेतलं. दुपारी बाराला भट्टी.

दुसऱ्या दिवशी ताट्या बदलल्या. संध्याकाळी हवा गार, दुपारी भट्टी. तिसऱ्या दिवशी पंख्याचा पट्टा बदलला. चौथ्या दिवशी सुकदेव म्हणाला, "नळात काहीतरी अडकलंय," आणि छताच्या चार फळ्या काढल्या. आतून कबुतराचं घरटं निघालं. ते फळीवरून निसटून खाली रचलेल्या पैठण्यांच्या गठ्ठ्यावर पडलं. घरट्यात अंडी होती.

"निघालं ना शेठ कारण," सुकदेव म्हणाला.

"निघालं. आता ह्या पैठण्या कोणाला विकू, कबुतराला?"

त्या दुपारीही भट्टी पेटली. छताच्या फळ्या काढलेल्या असल्यामुळे नळाच्या पत्र्याची गरमीही आता सरळ खाली उतरू लागली.

पाचव्या दिवशी शेठनं धुळ्याच्या एका कंपनीचा इंजिनिअर बोलावला. तो एसटीनं चारला पोचला, खिशातून थर्मामीटर काढून गादीवर ठेवला, पाच मिनिटांनी उचलला आणि म्हणाला, "थंडावा उत्तम आहे."

"आता आहे हो. दुपारी नसतो."

इंजिनिअरनं दुपारी दुकानात किती माणसं असतात ते विचारलं आणि कागदावर गणित केलं. माणसाच्या अंगातून उष्णता निघते. माणसं जास्त, म्हणून उष्णता जास्त. एका वेळी एकच कुटुंब आत घ्यावं, नाहीतर आमच्या कंपनीचा मोठा कूलर बसवावा.

दुसऱ्या दिवशी उखर्डूला काठी देऊन दारात उभं केलं. आत एक बस्ता, बाकीचे बाहेर. बाहेर उन्हात रांग लागली. रस्त्यानं जाणाऱ्यांनी रांग पाहिली आणि ते एकमेकांना सांगू लागले की शालिग्रामशेठनं सेल लावलाय. तासाभरात रांग चौकापर्यंत गेली. साडेबाराला लोकांनी उखर्डूसकट दार आत ढकललं आणि गादीवर दीडशे माणूस झालं. त्यातल्या शंभरांना काहीच घ्यायचं नव्हतं, सेल कुठे आहे तेवढं विचारायचं होतं.

संध्याकाळी शेठनं सुकदेवला समोर बसवलं. चहा मागवला नाही, यावरूनच सुकदेव समजला.

"रविवारी खेड्यावरच्या पाटलांचा बस्ता आहे. पन्नास माणूस येईल. त्या दिवशी कोणाच्या कपाळावर घाम दिसला, तर हे दुकान, माझं जामनेरचं आणि भडगावचं, तिन्ही दुकानांचे कूलर धुळ्याच्या कंपनीकडे. तुझा-माझा राम राम."

"शेठ, तीस वर्षं..."

"तीस वर्षं तू कान लावतो. मशिन तुला काही सांगत नाही. आणि एक ऐक, यात कोणी मुद्दाम खोडी करत असेल ना, तर तो माझा सख्खा भाऊ असला तरी त्याला घराबाहेर काढीन."

सुकदेव घरी गेला पण जेवला नाही. त्या रस्त्यावरची अकरा दुकानं शेठकडे बघून मिस्तरी ठरवत. शेठनं सोडला की अकरांनी सोडला, आणि उन्हाळ्याच्या चार महिन्यांवरच सुकदेवचं वर्ष उभं होतं.

रविवार उजाडला. पाटील मंडळी अकराला ट्रकमधून उतरली. पाऊण तास बरा गेला. मग नवरीच्या आजीनं हातातली साडी बघायची सोडून त्याच साडीनं वारा घ्यायला सुरुवात केली. नवरदेवाचे काका म्हणाले, "चला, समोरच्या दुकानात बघू." शेठनं सुकदेवकडे पाहिलं.

सुकदेव उठला. "आता तर हात लावू द्या. जायचं ते चाललंच आहे."

शेठनं जिन्याकडे बोट केलं.

मे महिन्यात भर दुपारी जळगावच्या गच्चीवर पुरुष माणूस जात नाही. सकाळ आणि संध्याकाळ मिळून सुकदेव चौदा वेळा त्या गच्चीवर चढला होता, पण या वेळेला एकदाही नाही. त्यानं दार ढकललं आणि तो तिथेच थांबला.

उभ्या खाटा आता सगळ्या आडव्या होत्या. त्यांच्यावर धुतलेली धोतरं अंथरून कुरडया घातल्या होत्या, पांढऱ्याशुभ्र, हजारभर तरी असतील. मधोमध छत्री धरून शेठची बायको इंदिराबाई बसली होती. शेठचं घर दुकानाच्या मागेच होतं आणि गच्ची दोन्हींची एकच. आणि कूलरच्या तिन्ही बाजू साड्यांच्या गठाणीच्या प्लास्टिकनं वरपासून खालपर्यंत झाकल्या होत्या. बिचारा पंखा आत जीव तोडून ओढत होता आणि प्लास्टिक ताट्यांना अंगच्या कातडीसारखं चिकटलं होतं.

"चप्पल काढ रे भाऊ. कुरडया शेतस," इंदिराबाई अहिराणीत म्हणाली.

"अक्का, हे प्लास्टिक?"

"मीच लावस. रोज अकराला लावस, तीनला काढस. बांधाले बी नही लागत, तो आपोआप वढी लेस. लई गुणी मशिन शे."

"पण का लावता?"

"वारा सुटना का कूलरनं पानी उडस. बठ्ठ्या कुरडया वल्ल्या व्हतस. पोरगीना सासरले धाडान्या शेतस, लाल पडन्या तं ती सासू वर्षभर बोली."

सुकदेव खाली बसला. चटका बसला म्हणून पुन्हा उभा राहिला.

"अक्का, खाली आठ दिवस आग लागली आहे. मी पंप बदलला, ताट्या बदलल्या, छत फोडलं."

"ती ठोकठोक तूच करे का? माले वाटे, आखो एक कूलर बसाडतस." ती छत्री दुसऱ्या हातात घेत म्हणाली. "माले कोणी इचारं का पण?"

खरंच कोणी विचारलं नव्हतं. सुकदेवनं उखर्डूला विचारलं होतं, वीज कंपनीच्या वायरमनला विचारलं होतं, समोरच्या पानवाल्यालाही विचारलं होतं. ज्या बाईच्या डोक्यावर तो कूलर होता तिला सोडून सगळ्यांना विचारलं होतं.

त्यानं हात जोडले. "अक्का, प्लास्टिक काढतो. तुमची एक कुरडई भिजणार नाही, माझा शब्द."

प्लास्टिक काढताच पंख्यानं दीर्घ श्वास घेतला. सुकदेवनं खाटा एक एक करून वाऱ्याच्या वरच्या अंगाला ओढल्या. घामानं न्हाऊन तो खाली आला तेव्हा आजीनं पदर अंगाभोवती लपेटला होता आणि काका शालू हाताळत होते.

"सापडलं?" शेठनं हळूच विचारलं.

"सापडलं. हवा अडली होती."

"कोणी अडवली?"

सुकदेवनं जिन्याकडे पाहिलं. वरच्या पायरीवर इंदिराबाई छत्री मिटून उभी होती. घराबाहेर काढायच्या शब्दाची शेठला आठवण करून देण्यात काही अर्थ नव्हता. घर इंदिराबाईच्या नावावर होतं.

"वाऱ्यानं," सुकदेव म्हणाला. "दुपारी वारा फिरतो, शेठ. वर माणूस बसला पाहिजे."

"मग बस की. उद्यापासून अकरा ते तीन, लग्नं संपेपर्यंत. तिन्ही दुकानं तुझ्याकडेच. धुळ्याला मी कळवून टाकतो."

सोमवारपासून सुकदेव वर बसू लागला. वारा फिरला की खाटा फिरवायच्या. कावळा आला की काठी उगारायची. कुरडया एका अंगानं वाळल्या की उलट्या करायच्या, आणि त्या तुटू न देता उलट्या करायला तीस वर्षांचे काळे हातही कमी पडतात हे त्याला कळलं. इंदिराबाईनं त्याला दोनदा समजावून सांगितलं. मग छत्री त्याच्या हातात दिली आणि ती खाली जाऊन झोपली.

खाली बस्ते गार हवेत बांधले जात होते. शेठ गिऱ्हाइकांना सांगे, "आमचा मिस्तरी दुपारभर मशिनजवळ असतो." मग रस्त्यावरचे इतर दुकानदारही सुकदेवबद्दल आदरानं बोलू लागले.

गुरुवारी शेजारच्या भांड्यांच्या दुकानाच्या गच्चीवरून मालकाच्या बायकोनं, भिकुबाईनं, हाक मारली. "ओ मिस्तरी! आमनाकडे कव्हय येतस?"

सुकदेव कमरेवर हात ठेवून सरळ झाला. एक गिऱ्हाईक वाढलं असं त्याला वाटलं. "येतो की वहिनी. काय झालं तुमच्या कूलरला?"

"कूलर कोठे शे आमनाकडे?" भिकुबाई म्हणाली. "पापड शेतस."