तांब्याभर दूध आणि बावीस वर्षांची वांगी

कुंडलिकराव भोरच्या एका कचेरीत कारकून होते. पण ओळख करून देताना ते हे सगळ्यात शेवटी सांगत. आधी सांगत, "आमी वेल्ह्याच्या डोंगरातले. गेनू धनगराचा पोरगा. आमच्यात म्हशीची धार काढली की तांब्या थेट तोंडाला!" गेनूबाबांना जाऊन बारा वर्षं झाली होती, तरी तांब्याभर दूध एका दमात रिचवणारा गडी म्हणून त्यांचं नाव अजून निघे. त्या नावाला जागून कुंडलिकराव दर रविवारी बायकोला घेऊन वाडीवर जात आणि सोमवारी पहाटे निघताना आईच्या, म्हणजे धोंडाबाईंच्या हातून तांब्या घेऊन उभ्याउभ्या रिकामा करत.

सोमवारी मात्र कचेरीतली त्यांची खुर्ची रिकामी असे. (खुर्चीचा मालक कुठे आहे हे शिपायालाही ठाऊक होतं. तशी जागा कचेरीत एकच होती आणि तिला आतून कडी असे.) या सोमवारांचा गुन्हेगार त्यांनी लग्नानंतर पहिल्याच महिन्यात पकडला होता: सुलक्षणाबाईंचं भरलं वांगं. तेव्हापासून बावीस वर्षं घरात वांगं शिजलं नव्हतं. वांगं गेलं तरी सोमवार काही गेला नाही. मग संशय वालावर गेला, मग तिखटावर, आणि शेवटी बाईंवरच. "हिच्या हाताला गुणच न्हाई," असं ते चारचौघांत म्हणत. बाई भाकरी थापत राहत.

अशात त्यांची मुलगी वर्षाराणी पुण्याच्या कॉलेजातून एक छोटं यंत्र घेऊन वाडीवर आली.

"मोठ्या माणसांना दूध पचतं का, ते बघायचंय," ती म्हणाली. "उपाशीपोटी दूध प्यायचं आणि दर अर्ध्या तासानं यात फुंकायचं. दूध पचलं नाही तर ते आतड्यात आंबतं, त्याचा वायू श्वासातून येतो आणि इथं आकडा दिसतो."

"धनगराला दूध पचतंय का विचारती!" कुंडलिकराव हसले. "मला न्हाई पचलं, तर दर रविवारी मी सोता भरली वांगी करून घालीन सगळ्यांना."

सुलक्षणाबाईंनी पदराला हात पुसले. "वर्षा, हे लिहून घे," त्या म्हणाल्या.

सकाळी ओट्यावर तिघं दूध प्याले आणि आळीपाळीनं फुंकू लागले. दोन तासांनी धोंडाबाईंचा आकडा चार, सुलक्षणाबाईंचा सहा. कुंडलिकरावांनी फुंकलं आणि यंत्रावर चौऱ्याऐंशी आले.

"बघा!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "चौऱ्याऐंशी! पयला नंबर!"

"बाबा, हे मार्क नाहीत," वर्षाराणी हळूच म्हणाली. "वीसच्या वर गेलं की नापास."

कुंडलिकरावांचा चेहरा पांढराफटक पडला. काही बोलणार तोच पोटानं आवाज दिला आणि ते टमरेल घेऊन पळाले. परत आले तेव्हा आणखी भयंकर विचार घेऊन आले होते.

"आये," ते धोंडाबाईंसमोर उकिडवे बसले, "मी... तुजाच न्हवं?"

"आरं मुडद्या, ह्या डोंगरात म्या एकली बाळंत झाले! बदलून बदलनार कुनासंगं, रेडकासंगं?"

"बाबा, तसं नाही," वर्षाराणीनं सावरलं. "लहानपण सरलं की दूध पचणं थांबतं, हे माणसाचं मूळचंच आहे. गुरं पाळणाऱ्यांच्यात फार पूर्वी एक बदल झाला आणि तो टिकला. तो बदल आई किंवा बाप, एकाकडून आला तरी पुरतो. आजीकडे एक बदललेलं आणि एक जुनं जनुक असणार. तुमच्या वाट्याला तिचं जुनं आलं. आजोबांकडूनही जुनंच. त्यांचंही एक बदललेलं असणार, म्हणून तर ते..."

"कसलं आलंय!" धोंडाबाई म्हणाल्या. "त्येनला कुठं पचत व्हतं?"

त्यांनी गोठ्याकडे बोट दाखवलं.

"तांब्या घेऊन गोठ्यामागं जायाचं आन् काळ्या कुत्र्याला पाजायचं. चाळीस वर्षं, एक मेला की त्याचा पोरगा. कुत्रं किती जाड व्हतं, आठवतंय न्हवं?"

कुंडलिकरावांना कुत्रं चांगलंच आठवत होतं. ते आईकडे वळले. "आन् तू मला बोलली न्हाईस?"

"बाप्या मानसाची लाज कशापायी उघडी करायची?"

बऱ्याच वेळानं त्यांना थोडा धीर आला. "म्हंजी मी अस्सल, मूळचा मानूस," ते पुटपुटले.

"वासरूसुदीक मोठं झालं की आपणहून दूध सोडतंय," सुलक्षणाबाई म्हणाल्या. "तुमाला पन्नाशी लागली." त्या हसल्या नाहीत. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. बावीस वर्षांतलं एकेक वांगं कुंडलिकरावांसमोर येऊन उभं राहिलं आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या रविवारी त्यांनी शब्द पाळला. बारा वांगी चिरली, भरली, शिजवली, आणि त्यातली नऊ करपवली. सगळ्यांनी एकेक घास घेतला.

"ब्येस झालंया," धोंडाबाई म्हणाल्या आणि ताटली घेऊन उठल्या. "म्या वाईच वाऱ्याला बसून खाते."

कुंडलिकरावांना शंका आली. ते मागोमाग गेले. गोठ्यामागं धोंडाबाईंनी ताटली त्या काळ्या कुत्र्याच्या नातवापुढं ठेवली होती. त्यानं ती हुंगली, एकदा कुंडलिकरावांकडे पाहिलं आणि शेपूट पायांत घालून तो समोरचा डोंगर चढू लागला.