लाल चिठ्ठी आणि सहा गाद्या

आख्ख्या सिल्वासात एकच माणूस असा आहे, ज्याच्या हातून आजवर खराब माल सुटलेला नाही. तो माणूस म्हणजे मी!

गलोंड्याच्या एका धाग्याच्या कारखान्यात मी क्वालिटीचा मॅनेजर आहे. माझ्या खिशात लाल चिठ्ठ्यांचं पुडकं कायम असतं. ज्या मालावर मी लाल चिठ्ठी टाचली, तो बाद. त्याचे नियमही मीच केलेत आणि भंगार यार्डाच्या दारावर पाटी रंगवून लावलेत. लाल चिठ्ठी दिसली की कुणाला विचारत बसायचं नाही, माल उचलून थेट यार्डात न्यायचा. नेला की कापून टाकायचा, म्हणजे तो मागच्या दाराने परत येत नाही. आणि तिसरा नियम तर माझा फारच लाडका आहे. ज्याने चिठ्ठी लावली त्याला स्वतःला ती काढता येत नाही, त्याला वरच्याची सही लागते. त्यामुळे सेल्सवाला माझ्या गळ्यात पडून रडला, तरी मी शांतपणे म्हणू शकतो, "बाबा रे, माझ्या हातात काही नाही."

आणि इतक्या वर्षांत एकही चिठ्ठी मागे घ्यायची वेळ माझ्यावर आलेली नाही. हे मी घरी जेवताना अधूनमधून सांगतो. माझी बायको मेधा त्या वेळी आमटी वाढत असते.

तर गेल्या रविवारची गोष्ट. मेधा तिच्या आईला आणायला नाशिकला गेली होती. माझ्या सासूबाई, केसरबाई, आमच्या टोकरखाड्याच्या घरी पहिल्यांदाच येणार होत्या. आमच्या जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्यांवर ज्या सहा गाद्या आहेत, त्या त्यांनीच शिवून पाठवल्यात. जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून, वर गोधडीसारखा धावदोरा घालून. त्यातला एकेक तुकडा मेधाला पाठ आहे. हे हिरवं लुगडं तिच्या दहावीच्या निकालाच्या दिवशी आईने नेसलेलं, हे जांभळं आमच्या साखरपुड्यातलं. पाहुण्यांनी त्यावर चहा सांडला, तर मेधा पाहुण्यांकडे नंतर बघते, आधी गादीकडे बघते.

सकाळी बसमधून तिचा फोन आला.

"अहो, गाद्या तेवढ्या नीट करून ठेवा. आई आल्या आल्या आधी त्याच बघणार आहे."

"तू काळजीच करू नकोस. सगळं सिस्टिमने करतो."

"सिस्टिम नको. ऊन दाखवा, काठीने झटका आणि पालटा. बस एवढंच. पाणी लावू नका, आत कापूस आहे."

फोन ठेवला आणि मला अपमान झाल्यासारखं वाटलं. टनावारी धागा तपासणाऱ्या माणसाला काय सांगायचं, तर ऊन, काठी आणि पालटा! अहो, आधी तपासणी नको? दोष कळल्याशिवाय उपाय कसा करणार? मी सहाही गाद्या फाटकाजवळच्या भिंतीवर ओळीने मांडल्या, भिंग आणलं आणि अंगात उत्साह असा संचारला की चहा तसाच गार झाला.

भिंगातून जे दिसलं ते काय सांगू! एकीवर डाळीचा डाग. दुसरी मधोमध चेपलेली, कारण तीवर मी बसतो. तिसरीला फोडणीचा वास. चौथीची शिवण सरळ जायची सोडून मध्येच डोंगर चढून उतरल्यासारखी गेलेली. मी खिशातलं पुडकं काढलं आणि एकेकीचा दोष लिहून चिठ्ठी टाचत गेलो. घरी दुसऱ्या रंगाच्या चिठ्ठ्या नव्हत्या, आणि खरं सांगायचं तर मला दुसऱ्या रंगाची सवयही नाही. चौथीवर लिहिलं, "शिवण वाकडी. टाके लहानमोठे. नापास." खाली सही ठोकली. सहाच्या सहा नापास झाल्या! इतकी चोख तपासणी मी कारखान्यातसुद्धा केली नव्हती. मग डागासाठी मऊ ब्रश आणि रिठे आणायला मी स्कूटरवरून बाजारात गेलो.

परत आलो तर भिंत रिकामी.

गाद्यांच्या जागी एक पिशवी होती. पिशवीत भरताची वांगी होती, हिरवीगार, देठासकट ताजी. मी भिंतीच्या पलीकडे पाहिलं, फाटकामागे पाहिलं, तुळशीच्या कुंडीमागेसुद्धा पाहिलं. गाद्या चोरून बदल्यात वांगी ठेवून जाणारा चोर कसला म्हणायचा हा?

तेवढ्यात फोन वाजला. कारखान्याच्या ग्रुपवर फोटो आला होता. भंगार यार्डातला धाग्याचा ढिगारा आणि त्यावर माझ्या सासूबाईंच्या सहा गाद्या! खाली झिपरूने लिहिलं होतं, "साहेबाच्या घरचा लाल माल उचलला. ओके."

झिपरू म्हणजे आमच्या यार्डाचा माणूस. धुळ्याकडचा, टेम्पो चालवतो आणि गावाहून आला की मला वांगी आणून देतो. वांगी द्यायला आला आणि लाल चिठ्ठ्या पाहिल्या. नियम मीच शिकवलेला. विचारत बसायचं नाही!

ग्रुपवर तोवर टाळ्यांचा पाऊस पडत होता. आमच्या कारखान्याच्या प्रमुख कीर्ती मॅडम रविवारी कुणाला उत्तर देत नाहीत, पण त्यांनीही लिहिलं, "चंद्रकांत घरीही शिस्त पाळतात. सर्वांनी शिकावे." एरवी या वाक्यासाठी मी वर्षभर झुरलो असतो. आत्ता माझ्या डोळ्यांपुढे फक्त दुसरा नियम नाचत होता. नेला की कापायचा.

मी झिपरूला फोन लावला. तो उचलेना. यार्डात फोन दाराशी जमा करायचा असतो, फोटो टाकून झाला की. हाही नियम माझाच. स्कूटर काढली आणि सुटलो. वाटेत मेधाचा फोन आला.

"कपराड्याला चहाला थांबलोय. तास-सव्वा तासात पोचतो. गाद्या झाल्या ना?"

"चालू आहे काम."

"आवाज कसला येतोय? तुम्ही कुठे आहात?"

"उन्हात," मी म्हणालो. आणि ते खोटं नव्हतं.

यार्डाच्या दाराशी सुकदेव वॉचमन खुर्चीत बसला होता. मी आत घुसायला लागलो, तसा तो उठून आडवा झाला. आत झिपरू पोत्यावर बसून सुऱ्याला धार लावत होता आणि त्याच्या पुढ्यात सर्वांत वर साखरपुड्याची जांभळी गादी होती.

"झिपरू, थांब. हात लावू नकोस."

"आलात का साहेब? वांगी भेटनी ना?" तो हसून म्हणाला. "फिकीर नका करू, पाच मिनटात सगळं कापी टाकतो. तुमीच सांगेल हाये ना, लाल दिसलं का उचलायचं. म्या तर बेलबी नही वाजवली."

"अरे, पण ते घरचं होतं."

"घरचं असो नाही तर दारचं, चिठ्ठी तर तुमची हाये. सहीबी हाये."

मी सुकदेवला म्हटलं, "मला या गाद्या परत न्यायच्यात."

सुकदेवने नुसतं बोट वर केलं. पाटी. माझ्याच हौसेने ठळक अक्षरांत रंगवलेली. "साहेब, रूल मतलब रूल. गेल्या महिन्यात सेल्सवाले पाटील साहेब आले होते, तुम्हीच शाबासकी दिली मला, सोडलं नाही म्हणून. वरची सही आणा."

काय सांगू तुम्हांला, त्या क्षणी मला त्या पाटलांची फार दया आली.

वरची सही म्हणजे कीर्ती मॅडम. इतक्या वर्षांत एकही चिठ्ठी मागे न घेणारा मी, आणि आता फोन करून काय सांगणार? तसाच घरी गेलो असतो तर इभ्रत राहिली असती. पण मग मेधाला काय दाखवणार, वांगी? तिकडे झिपरू सुऱ्याची धार अंगठ्यावर बघत होता. मी फोन लावला.

"बोला चंद्रकांत. फोटो पाहिला तुमचा, छान."

"मॅडम, तो माल सोडायचा आहे."

"लाल चिठ्ठी? तुमची? का?"

"माल चांगला आहे, मॅडम."

"मग चिठ्ठी का लावली?"

"तपासणीत चूक झाली."

"कोणाची?"

सुकदेव आणि झिपरू दोघंही माझ्या तोंडाकडे बघत होते. "माझी," मी म्हणालो.

"एवढंच ग्रुपवर लिहा. तीच माझी सही समजा."

मी लिहिलं. "सकाळचा माल उत्तम आहे. चुकून बाद केला. चूक माझी." लगेच सेल्सच्या पाटलांनी एक नाचणारी बाहुली पाठवली. पाठोपाठ आणखी एक.

पण गाद्या वाचल्या! झिपरूने भराभर चिठ्ठ्या काढल्या, सहाही गाद्या टाकाऊ धाग्याने आवळून बांधल्या आणि गठ्ठा स्कूटरला जखडून दिला. मी इतका खूश होतो की वाटेत मोठ्याने गाणं म्हणत आलो. घरी येऊन धागा कापला, एकेक गादी खुर्चीवर टाकली, वर हात फिरवला आणि बाहेर रिक्षा थांबली. वेळ बघा, अगदी मशीनसारखी!

सासूबाई आत आल्या. पाणी प्यायच्या आधी त्यांची नजर खुर्च्यांवरून फिरली आणि चेहरा खुलला. मेधाने माझ्याकडे असं पाहिलं, की लग्नानंतर तसं फारदा पाहिलेलं नाही. मी छाती काढून उभा.

"बसा ना," मी म्हणालो आणि खुर्ची ओढून दिली.

सासूबाई बसल्या. थोड्या सरकल्या. मग उठल्या, गादी उलटी केली आणि खालून एक लाल चिठ्ठी काढली. झिपरूने पाच काढल्या होत्या.

त्यांनी चष्मा लावला. मोठ्याने वाचलं. "शिवण वाकडी. टाके लहानमोठे. नापास." मग सहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.



"बरोबर हाये," त्या शांतपणे म्हणाल्या. "त्या दिवशी लाइट गेली होती. तुमच्यासाठी पाठवायच्या होत्या म्हणून अंधारात शिवत बसले."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मेधाने आईच्या हातून चिठ्ठी घेतली, माझ्याजवळ आली आणि माझ्या शर्टाच्या खिशाला ती नीट टाचली.

"आई, या मालाचं काय करायचं? भंगारात देऊ?"

सासूबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. अगदी मी धाग्याचं रीळ बघतो तसं.

"टाकायचं कशाला?" त्या म्हणाल्या. "ऊन दाखव, काठीने झटक, पालट. चालतील अजून."

त्या दिवसापासून मी रोज कामावरून आलो की भिंतीजवळ उभा राहून गाद्या झटकतो. चिठ्ठी अजून खिशावर आहे. काल मेधाला हळूच विचारलं, काढू का आता? तर म्हणाली, वरच्याची सही लागते. वरची कोण, तर सासूबाई. आणि सासूबाई म्हणतात, अजून दोन-चार दिवस ऊन लागू दे.

आपल्यातच राहू द्या, पण तो तिसरा नियम मी जरा जास्तच कडक केलाय.