आधी झोपतो, मग छापतो

कोणत्याही लॉजची जाहिरात छापायची असली, तर बापू पिसाळ आधी त्या लॉजात एक रात्र झोपून येत. झोपल्याशिवाय छपाईच्या अक्षरांच्या खिळ्यांना हात लावत नसत. सांगलीत दुसरे छापखाने होते. तिथे मजकूर दिला की संध्याकाळी कागद हातात मिळे. बापूंकडे मजकूर दिला, तर ते चष्म्यावरून बघत आणि विचारत, "खाट कुठली देताय?"

मी हे ऐकीव सांगत नाही. आमच्या आत्याच्या जाहिरातीचे काम मीच त्यांच्याकडे नेले होते. मी कुंडलचा. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिलाच. त्यामुळे चार ओळी लिहिताना आजही माझा हात अडखळतो. पण बापूंविषयी मला जे ठाऊक आहे ते पक्के ठाऊक आहे.

बापू मूळचे वाईकडचे. पहिल्या महायुद्धात इराकात बसऱ्याला गेले होते. तिथे फौजेच्या छापखान्यात त्यांना काम मिळाले आणि परत आल्यावर त्यांनी सांगलीत पायाने चालवायचे एक ट्रेडल मशीन घेतले. पन्नाशी उलटली तरी चालणे कवायतीचे होते. छापखान्यात ते एकटेच. जुळणीही तेच करत, छपाईही तेच. लग्नपत्रिका ते नाइलाजाने छापत. खरा जीव होता तो लॉज, खाणावळी आणि उतारूंच्या खोल्यांच्या हस्तपत्रकांवर.

"पत्रिका वाचून कोण फसत न्हाई गड्या," ते म्हणत. "लगीन व्हायचं ते हुतंच. पर परगावचा माणूस हातात कागद घिऊन येतो. वळकीचं कोण न्हाई, संगं बायकापोरं. तो कागदावरच इस्वास ठिवतो. छापलं की सुटका न्हाई."

'छापलं की सुटका न्हाई' हे त्यांचे पालुपद होते. उद्गारचिन्हाचे सगळे खिळे त्यांनी एका डब्यात भरून डब्याला कुलूप घातले होते. कारण विचारले तर म्हणायचे, "वरडणारा खिळा हाय त्यो. खरं बोलणाऱ्याला वरडाय लागत न्हाई."

साताऱ्यातल्या एका लॉजच्या पत्रकात त्यांनी छापले होते : 'जिना उभा आहे. म्हाताऱ्या माणसांनी खालची खोली मागून घ्यावी.' मालक तणतणत सांगलीला आला. बापूंनी त्याला शांतपणे विचारले, "जिना उभा हाय का न्हाई?" मालक म्हणाला, "हाय. पर माझ्याच पैशानं माझी बेअब्रू?" महिन्याभराने त्याच मालकाचे कार्ड आले, की म्हातारी माणसे पत्ता शोधत येत आहेत आणि खालच्या खोल्या पुरत नाहीत. मिरजेच्या एका बोर्डिंगबद्दल लिहिले होते : 'शेजारी भजनी मंडळ आहे. गुरुवारी झोप मिळणार नाही.' तिथे गुरुवारीच गर्दी होऊ लागली.

हे सगळे मला नंतर कळले. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी फक्त घाबरलेला होतो.

मोटार स्टँडच्या मागे आत्याच्या पाच खोल्या होत्या. नाव होते अंबाबाई विश्रांतिगृह. तिचे यजमान, आमचे मामा, वारल्यावर ती एकटीच ते चालवत होती आणि जिन्याखालच्या खोलीत मला ठेवून घेऊन माझे कॉलेज करत होती. त्या वर्षी स्टँडच्या तोंडाशीच एक नवा लॉज उघडला. त्याची गुलाबी पत्रके सगळ्या मोटारींतून वाटली जात. त्यांवर लिहिलेले असे, 'राजवाड्याचा थाट, घरच्याहून सुख.' आमच्या खोल्या ओस पडल्या. आत्याने मला सरळ सांगितले, "दिवाळीपातुर असंच ऱ्हायलं, तर खाटा इकायच्या आन् गावाकडं जायचं. तुझं काय करायचं ते मला तरी सुचंना."

मला सुचत होते ते एवढेच, की आपणही पत्रक काढावे. तेव्हा दुसरे महायुद्ध चालू होते आणि कागद मिळणे मुश्कील होते. पण बापूंकडे थोडा साठा आहे असे कळले. मी रात्रभर बसून मजकूर तयार केला होता. तो वाचून दाखवायला सुरुवात केली, "शांत, रम्य, प्रशस्त..."

"थांब," बापू म्हणाले. "रम्य काय हाय तितं?"

"म्हणजे... खिडकीतून दिसणारं दृश्य."

"काय दिसतं?"

मी खोटे बोलू शकलो नाही. "मोटार स्टँड. आणि कुंभाराची गाढवं."

"गाढवं रम्य हाईत?"

"नाहीत."

"म्होरं वाच."

"सर्व सुखसोयींनी परिपूर्ण."

"सर्व म्हंजे किती? मोज."

मी बोटांवर मोजू लागलो. खाट, गोधडी, कंदील, पाणी, चहा. एक हात संपला आणि मी थांबलो. बापूंनी माझा कागद घडी करून माझ्याच खिशात घातला. "कालिजात जातूस न्हवं? चांगलं हाय. आत्याला सांग, उद्या मुक्कामाला येतो."

आत्याने दुसरा दिवस सगळा धावपळीत घालवला. एक नंबरच्या खोलीतली खाट तिने उन्हात आपटली, फटींमध्ये रॉकेल ओतले, वर नवी चादर घातली. बापू आले ते एक लोटा आणि एक वही घेऊन. जेवले, दिवा बघितला, खिडकी उघडून गाढवांकडे बघितले आणि दार लावून घेतले.

सकाळी आत्या चहा घेऊन गेली तर एक नंबरची खोली रिकामी. चादरीला सुरकुतीसुद्धा नाही. आत्या कावरीबावरी झाली. "पोरा, म्हातारा गेला रं पळून!" मी खोल्या बघत गेलो. बापू चार नंबरमध्ये होते. त्या खोलीकडे आम्ही ढुंकूनही बघितले नव्हते.

"त्या खोलीत रॉकेलचा वास लय," ते म्हणाले. "म्हनलं, ती माझ्यापुरती सजवल्याली. खऱ्या पाव्हण्याला हिकडंच झोपवत असतील." मग त्यांनी वहीतून कागदाची एक पुडी काढून आत्यापुढे ठेवली. "पाच हाईत. जिते हाईत, जपून सोडा."

पुडीत ढेकूण होते.

आत्याच्या डोळ्यांत पाणीच आले. तिच्या अब्रूचा प्रश्न होता तो. काय बोलावे कळेना, म्हणून तिने चहाचा पेला पुढे केला आणि पुटपुटली, "आवं बापू, झोप तरी लागली का तुमास्नी?"

बापू पेला हातात धरून तसेच बसले. मला वाटले, मशीनच्या खडखडाटाने त्यांना कमी ऐकू येत असावे.

"काय म्हनला अक्का?"

"झोप लागली का, म्हनलं."

"लागली," बापू म्हणाले. थोड्या वेळाने परत म्हणाले, "लागली की." आणि चहा न संपवताच छापखान्याकडे निघून गेले.

तीन दिवसांनी पत्रक आले. साधा पांढरा कागद, नक्षीची कड नाही, वेलबुट्टी नाही. मजकूर असा होता :

'अंबाबाई विश्रांतिगृह. मोटार स्टँडच्या मागे. खोल्या पाच, लहान आहेत. खिडकीतून गाढवे दिसतात, ती पहाटे ओरडतात. खाटा दर शनिवारी उन्हात टाकून त्यांवर उकळते पाणी ओततात. तरी ढेकूण निघाल्यास मालकिणीस सांगावे, रागावू नये. भाकरी गरम मिळेल. सकाळी मालकीण चहा देते व झोप लागली का म्हणून विचारते.'

आत्याने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतले. ढेकणांवर ती चिडेल असे मला वाटले होते. पण ती अडली शेवटच्या ओळीवर. मला घेऊन तडक छापखान्यात गेली.

"बापू, ह्ये काय छापायचं हाय व्हय? ह्ये तर कुनीबी इचारतंय."

बापू खिळे पुसत होते. त्यांनी वर बघितले नाही. "कुनीबी न्हाई इचारत, अक्का."

ओळ तशीच राहिली. त्या शनिवारपासून आम्ही खाटांवर खरोखरच उकळते पाणी ओतू लागलो, कारण छापले गेले होते.

मी पत्रके घेऊन मोटारीमोटारीत फिरलो. लोक वाचत आणि हसत. मला मेल्याहून मेल्यासारखे होई. पण चौथ्या दिवशी कवठे महांकाळचा एक शेंगांचा व्यापारी टोपीत पत्रक खोचून दारात उभा राहिला. "गाढवाचं लॉज ह्येच न्हवं?" आत्याने त्याला तीन नंबरची खोली दिली. सकाळी त्याला चहा दिला आणि ती वळली, तर तो मागून म्हणाला, "मालकीणबाई, काय इसरला न्हाई का?"

"साखर कमी हाय?"

"साखर ऱ्हाऊंद्या. इचारा की."

आत्याने लाजत विचारले. त्याने मग सविस्तर सांगितले. अर्धी रात्र भाव डोक्यात होते, गाढव दोनदा ओरडले, मग डोळा लागला, आई स्वप्नात आली होती. आत्या पदर खोचून ऐकत उभी राहिली. हळूहळू सगळेच उतारू असे चहा घेऊन वाट बघत बसू लागले. दिवाळीला एकही खोली रिकामी नव्हती. खाटा विकायचा विषय निघाला नाही आणि मी इंटरला बसलो.

त्यानंतर बापू दर अवसेला येऊ लागले. अवसेला त्यांचा छापखाना बंद असे. संध्याकाळी लोटा आणि वही घेऊन येत आणि दारातूनच सांगत, "फेरतपासणी हाय. छापल्यालं अजून खरं हाय का बघायला पायजे." चार नंबरमध्ये झोपत. सकाळी चहा घेत, आत्याच्या प्रश्नाला उत्तर देत, वहीत काहीतरी टिपून जात. मला त्यांचा हा काटेकोरपणा फार आवडे. सगळ्याच लॉजांसाठी हा माणूस एवढा फिरतो, असे मी कॉलेजात अभिमानाने सांगत असे.

पुढच्या वर्षी एका मित्राच्या लग्नाला साताऱ्याला गेलो आणि मुद्दाम त्या उभ्या जिन्याच्या लॉजात उतरलो. मालकाला विचारले, "बापू फेरतपासणीला कधी येतात?"

"कसली फेरतपासणी?" तो म्हणाला. "येकदा झोपला, छापून दिलं आन् गेला. परत कवा फिरकला न्हाई." मग तो जिन्याच्या पायरीवर बसला आणि त्याने मला एक गोष्ट सांगितली. बापू बसऱ्याहून परत आले तेव्हा त्यांच्या घराला कुलूप होते. बायको आणि पोरगी साथीत गेल्या होत्या. पत्र पोचलेच नव्हते. "तवापास्नं घर न्हाई केलं त्यानं. छापखान्यातच कागदाच्या रिमांवर पडतो."

सांगलीला येताच मी आत्याला सगळे सांगितले. मला वाटले, हे आता बापूंशी मोकळेपणाने बोलावे. तपासणीचे निमित्त कशाला, आपले घर समजून या, असे सांगावे. आत्याने तांदूळ निवडता निवडता मला अडवले. "आजिबात बोलायचं न्हाई. माणूस कामाला आलाय, त्याला कामालाच येऊ दे."

अवसेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बापू ओट्यावर बसले होते. चहा झाला होता. विचारणे झाले होते. त्यांनी वही उघडली आणि घसा खाकरला. "अक्का, वरीस झालं. छापल्यालं समदं खरं निघालं. आता बहुतेक फेरतपासणीची गरज..."

"कुटं समदं?" आत्या फणकाऱ्याने म्हणाली. "पावसाळ्यात कौलं गळत्यात का, ते बघितलंय का तुमी? अवसेला पाऊसच नव्हता औंदा. थंडीत येक गोधडी पुरती का दोन, ते कुटं टिपलंय वहीत? उन्हाळ्यात गच्चीवर झोपाय देतो आमी, त्ये तर छापायचं ऱ्हायलंच की. अर्धवट तपासून जाताय व्हय?"

बापूंनी वहीचे कोरे पान काढले.

"म्हंजे आनकी वर्सभर यावं लागंल," ते म्हणाले.

"यावंच लागंल."

बापूंनी पेन्सिलीला थुंकी लावली आणि एकेक अक्षर जुळवल्यासारखे हळूहळू वहीत लिहून घेतले : कौले. गोधडी. गच्ची.