वरातीतला व्यायाम

ऑपरेशनला अडीच महिने झाले होते आणि खुशालराव गावंडे सरांचा चौथा व्यायाम नुकताच संपला होता. संपला म्हणजे कायमचा. सकाळी साडेसातला ते अमरावतीतल्या आपल्या घरी परतले, सतरंजीची गुंडाळी कोपऱ्यात फेकली आणि खुर्चीत बसले.

"हेबी सोडलं का?" सुंदराबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"तो मनुष्य मूर्ख आहे."

हा मूर्ख म्हणजे योगवर्गाचा शिक्षक. त्याने श्वास सोडताना चिंताही सोडून द्या असं सांगितलं, तेव्हा सरांनी सर्वांदेखत त्याला 'चिंता'चं अनेकवचन विचारलं होतं. त्याच्या आधीचा मूर्ख जिममधला, जो स्वतःचे दंड आरशात बघत दुसऱ्यांची गणती चुकवायचा. त्याही आधी बागेत फिरणारे पेन्शनर होते. ते दहा पावलं चालत आणि महागाई भत्त्याचा विषय निघाला की अर्धा तास उभे राहत. आणि सगळ्यात आधी हास्यक्लब. तिथे सर दोन दिवस गेले, पण त्या हसणाऱ्या माणसांखेरीज हसण्याजोगं त्यांना तिथे काही दिसलं नाही.

सर निवृत्त मुख्याध्यापक. वजन एकशे बत्तीस किलो, रक्तात साखर, गुडघ्यांत कुरकुर. शेवटी नागपूरच्या एका सर्जनने त्यांचं पोट आतून कापून लिंबाएवढं करून ठेवलं आणि घरी सोडताना सांगितलं, "माझं काम झालं, आता तुमचं सुरू. रोज पाऊण तास अंग हललं पाहिजे. पण मन रमेल असंच काहीतरी शोधा, नाहीतर महिन्याभरात सोडाल आणि सगळं परत येईल."

पंचाईत इथेच होती. अठ्ठावन्न वर्षांत सरांचं मन एकाच गोष्टीत रमलं होतं, ती म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढणं. त्यात घाम येत नाही. वजनाचा काटा एकशे अठरावर येऊन थांबला होता आणि तीन आठवडे तिथून हलायला तयार नव्हता. सुंदराबाई रोज सकाळी काटा बघत आणि तशाच चहा ठेवायला जात.

त्याच आठवड्यात संध्याकाळी सर स्कूटरवरून औषधं आणायला निघाले आणि राजापेठेकडे एका वरातीमागे अडकले. वरात सरांना फार पूर्वीपासून असह्य. रस्ता अडवून माकडचेष्टा करणाऱ्या लोकांना मतदानाचा हक्क कसा काय दिला, हा त्यांचा जुना प्रश्न होता. शाळेच्या गॅदरिंगमधूनही त्यांनी नाच हद्दपार केला होता. त्यांनी स्कूटर कडेला लावली आणि बँडवाल्याला चार शब्द सुनवायला ते गर्दीत शिरले.

शिरले खरे, पण बाहेर येता येईना. पुढे ताशा, मागे नवरदेवाची घोडी, दोन्ही बाजूंनी घामाघूम माणसं. कोणीतरी सरांचा हात धरून वर केला. सरांनी तो रागाने खाली ओढला, तर दुसऱ्याने दुसरा वर केला. ताशाची लय बदलली आणि सरांचा उजवा पाय आपोआप उचलला गेला. सरांनी त्या पायाकडे, वर्गात न विचारता बोलणाऱ्या पोराकडे बघावं तसं बघितलं. तेवढ्यात डावाही उचलला.

पन्नास मिनिटांनी वरात कार्यालयाच्या दारात पोचली तेव्हा सरांचा शर्ट अंगाला चिकटला होता आणि गुडघे दुखत नव्हते. बँडचा मालक क्लॅरिनेट काखेत मारून जवळ आला.

"सर, ओळखलं का मले? गुलफाम. नववी ब. मी बाक वाजवतो म्हनून तुमी मले वर्गाबाहेर काढलं होतं."

"योग्यच केलं होतं," सर धापा टाकत म्हणाले. "उद्या कुठे आहे?"

अशी सुरुवात झाली. त्या वर्षी गुलाबी अळीने कपाशी बोंडातच खाल्ली होती. खेड्यांतली निम्मी लग्नं पुढे ढकलली गेली होती आणि जी लागत होती त्यांत नाचायला कोणी पुढे येत नव्हतं. "लोक रुमाल हातात घेऊन नुसते चालतेत, सर," गुलफाम म्हणाला. "समोर कोनी नाचलं नाई तर बजानेवाले का भी दिल नहीं लगता. तुमी या. तुमच्यासारखा वयस्क मानूस नाचला का बाकीच्याईची लाज मोडते."

सर गेले. एकदा नाही, महिन्यात अकरा वेळा. घरी 'फिरायला जातो' एवढंच सांगून. त्यांचे नियम कडक होते: वरातीच्या आरंभी यायचं, दारात पोचलं की निघायचं, कोणाशी बोलायचं नाही. ज्या लोकांबरोबर ते नाचत त्यांच्याविषयीचं त्यांचं मत मात्र तसूभरही बदललं नाही. काहीजण ताल सोडून नाचतात, काहीजण नाचण्याच्या नावाखाली नुसते उड्या मारतात, हे ते मनात टिपून ठेवत. काटा एकशे अकरावर आला. सुंदराबाईंनी एकदा विचारलं, "फिरून आल्यावर तुमच्या केसात गुलाल काहून असते?" सर म्हणाले, "वारा."

मग अकोल्याचं लग्न आलं. नवरदेव अमरावतीचा, मुलगी अकोल्याकडची. भर दुपारची वरात. सर बँडच्या मेटाडोरमध्ये, ढोलांच्या मधे बसून गेले. पांढरी सफारी घालून ते त्रेचाळीस अंशाच्या उन्हात तासभर नाचले आणि कार्यालयाच्या दारात नियमाप्रमाणे थांबले. पण मेटाडोर जेवणानंतर निघणार होती आणि बाहेर डांबर वितळत होतं. सर मांडवात शिरले आणि कूलरसमोरची खुर्ची धरून बसले. एवढीच चूक झाली.

मुलीचे वडील सूर्यभान यांनी वरातीत सगळ्यांत पुढे नाचणारा हा पांढऱ्या सफारीतला माणूस हेरून ठेवला होता. हा नवरदेवाचा थोरला काका असणार. लग्न लागताच त्यांनी सरांना स्वतः हाताला धरून पहिल्या पंगतीत बसवलं. वरण-भात, वांग्याची भाजी, पोळी, बुंदी, जिलेबी. सरांनी दोन चमचे वरण खाल्लं, बोटं पुसली आणि ताट सरकवलं.

"बस, दादा? काही चुकलं का?"

"चूक काही नाही. माझं झालं."

सूर्यभानचा चेहरा उतरला. ते तडक नवरदेवाच्या वडिलांकडे, पुंजाजींकडे गेले. "पुंजाजी, ते जेवून नाही राहिले. आमचं काय चुकलं ते सांगा."

पुंजाजींनी पाहिलं. वरातीला सामोरा येऊन नाचलेला हा माणूस मुलीचा मामा असावा, अशी त्यांची खात्री होती. मुलीकडच्या मामाला आपल्याकडून मान द्यायचा राहिला म्हणून हे आपल्याला आडून टोमणा मारतायत, असं त्यांना वाटलं. "एखाद्याले फेटा बांधायचा राहिला असंल," ते घुश्शात म्हणाले. "तेवढ्यासाठी चारचौघात सुनावता काय?"

सूर्यभान समजले की फेटा आपल्याकडूनच बांधायचा राहिला. ते धावत जाऊन गुलाबी फेटा घेऊन आले आणि सरांच्या डोक्याला बांधला. ते वळतात तोच पुंजाजी केशरी घेऊन आले आणि गुलाबीवर केशरी बांधला. फेट्याने भूक लागते असा दोन्ही बाजूंचा समज असावा, असं सरांना वाटलं. त्यांनी दोन फेट्यांसकट ताटाकडे बघितलं आणि परत सरकवलं.

आता पंगतीत कुजबुज सुरू झाली. व्याही रुसला. सूर्यभान सरांसमोर येऊन उभे राहिले, हात जोडून. "दादा, औंदा वावरात काही राहिलं नाही, हे तुमाले माहीत हाय. पन लेकीच्या पंगतीत म्या कसर केली नाही. तुमी उपाशी उठले तर लोक म्हनतीन, सूर्यभाननं वऱ्हाडाले पोटभर खाऊ नाही घातलं."

सरांच्या जिभेवर एक चांगलं उत्तर आलं होतं. रूढी, अज्ञान आणि पंगतीचा वृथा अभिमान, असे तीन मुद्दे त्यात होते. पण जोडलेल्या त्या हातांच्या नखांत अजून फवारणीचे डाग होते. सरांनी उत्तर गिळलं आणि त्यामागोमाग एक जिलेबी गिळली. सूर्यभानच्या जिवात जीव आला. म्हणून दुसरी. मग बुंदी. "घ्या ना, दादा," म्हणून तिसरी जिलेबी.

लिंबाएवढ्या पोटात तीन जिलेब्या. दहा मिनिटांत सरांच्या कपाळावर गार घाम फुटला, छाती ताशासारखी वाजायला लागली, मांडव एकदा उजवीकडे फिरला, एकदा डावीकडे. मग पंगतीच्या मधोमध सरांना भडाभड उलटी झाली आणि दोन्ही फेट्यांसकट ते आडवे झाले.

"जेवनात काही पडलं," कोणीतरी म्हणालं.

अडीचशे माणसांचे हात तोंडाशी थांबले. एकाने भांडी तपासायला पातेल्यात मान घातली. तिघाचौघांनी घशात बोटं घालून मोकळं व्हायची तयारी केली, आणि मग खरोखरच ज्यांना काही झालं नव्हतं त्यांनाही मळमळायला लागलं. नवरदेवाकडचे उभे राहिले. "आमच्या मानसाईले मारता का?" मुलीकडचे म्हणाले, "पडला कोन? आमचा मानूस पडला." दोघंही आपापला माणूस पडला म्हणून भांडत होते आणि पडलेला एकच होता, हे त्या गडबडीत कोणाच्या ध्यानात येईना. आचारी कोपऱ्यात रडायला लागला. नवरी हार गळ्यात घेऊन नुसती बघत राहिली.

समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टर अमरीन धावत आल्या. त्यांनी सरांची नाडी बघितली, डोळे बघितले. "यांच्या घरचं कोण आहे इथे? काही आजार आहे का?"

सूर्यभाननी पुंजाजींकडे बोट दाखवलं. पुंजाजींनी सूर्यभानकडे.

"तुमचे काका ना हे?"

"आमचे? तुमच्याकडचे मामा ना?"

सरांनी डोळे उघडले तेव्हा अडीचशे माणसं त्यांच्याकडे बघत होती, आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी बाह्या सरसावल्या होत्या.

आयुष्यभर सर पुस्तकी मराठी बोलले होते. त्या क्षणी ती कुठे गेली कोण जाणे. मंगलाष्टकांसाठी लावलेला माइक त्यांनी मागून घेतला. "जेवन चांगलं हाय," ते म्हणाले. "वांग्याची भाजी तर लयच चांगली असंल, मी खाल्ली नाही. माह्या पोटाचं आपरेशन झालं. पोट कापेल हाय. मले गोड चालत नाही, अन् मी खाल्लं. मी कोनाचाच नाही. मी फकस्त व्यायामाले आलो होतो."

कोणाचा विश्वास बसेना. सरांनी सफारीची बटणं काढली आणि पोटावरचे पाच व्रण दाखवले. ज्या पोटाकडे बोट दाखवणाऱ्या पोरांना त्यांनी पस्तीस वर्षं अंगठे धरून उभं केलं होतं, ते पोट आता रांगेने येऊन सगळ्यांनी बघितलं. डॉक्टर अमरीन यांनी तपासून मान डोलावली. "खरं बोलतायत. जेवणाला काही झालेलं नाही. बसा तुम्ही सगळे." मग गुलफामने पुढे येऊन सांगितलं की हे आपले सर आहेत, बिचारे नाचायला येतात, एक पैसा घेत नाहीत, एक घास खात नाहीत.

नवरदेवाची आजी गोदाबाई खुर्चीतून सरांकडे बघत होती. "येवढा शिकेल-सवरेल मानूस," ती शेजारणीला म्हणाली, "अन् याले घरी नाचू देत नाही वाटते कोनी."

"बिचारा," शेजारीण म्हणाली.

सरांना आजवर लोक खडूस म्हणाले होते, आगाऊ म्हणाले होते, पाठीमागे आणखी बरंच काही म्हणाले होते. बिचारा कोणी म्हटलं नव्हतं. ते खाली मान घालून बटणं लावू लागले. पंगत पुन्हा बसली. आचाऱ्याने डोळे पुसून जिलेबीचं पातेलं उचललं आणि सरांना मोठा वळसा घालून पुढे गेला.

संध्याकाळी दोन फेटे हातात घेऊन सर घरी पोचले आणि लपवण्यात अर्थ नाही म्हणून सगळं सांगून टाकलं. सुंदराबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्या रागावतील, कपाळावर हात मारतील, माहेरी फोन करतील, अशी सरांची अपेक्षा होती.

"महिनाभर?" त्या म्हणाल्या.

"हो."

"एकटेच?"

"हो."

"एकतीस वर्षं झाली लग्नाले. मले एका लग्नात नेलं नाही तुमी. लोक मूर्ख हायेत म्हने." एवढं बोलून त्या आत गेल्या.

त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात, गुलफामकडून पत्ता घेऊन पाठवलेली एक पत्रिका पोस्टाने आली. सूर्यभानच्या पुतण्याचं लग्न, तिवशाला. पाकिटावर नाव होतं: श्री. खुशालराव सर (व्यायामवाले), सहकुटुंब. सरांनी 'सहकुटुंब' हा शब्द दोनदा वाचला आणि पत्रिका सुंदराबाईंच्या पोळपाटाशेजारी ठेवली.

तिवशाच्या वरातीत गुलफामने क्लॅरिनेट ओठाला लावलं तेव्हा पुढे दोन माणसं होती. सुंदराबाईंनी पदर कमरेला खोचला, चपला मेटाडोरमध्ये काढून ठेवल्या आणि एक गिरकी घेतली. बघणारे थांबले. तिवशाच्या चार बायका, मग सात, मग मोजता येणार नाहीत इतक्या, त्यांच्या भोवती आल्या. सर बाजूने नाचत होते आणि निरीक्षण करत होते. तिसऱ्या वळणावर त्यांना राहवलं नाही.

"तुझा डावा पाय तालाच्या आधी पडतो आहे," ते म्हणाले.

सुंदराबाईंनी मागे वळूनही बघितलं नाही.

"तुमी तुमचा व्यायाम करा," त्या म्हणाल्या. "मी नाचून राहिली."