सासूबाई बसल्या की बंद!

मोटरसायकल घरी आणली त्या दिवशी मी छाती फुगवून बायकोला सांगितलं, "बुरूल, आजपासून या घरात कुणी कशाची वाट बघायची नाही! मिनीबसची नाही, शेजाऱ्याच्या घोड्याची नाही, आणि तुझ्या भावाच्या जीपची तर मुळीच नाही!"

बुरूल पिठाचे तुकडे लाटून बोर्सोक तळत होती. कढईवरून नजर न काढता म्हणाली, "बरं. मग बाजारातून तेल कधी आणताय?"

"आत्ता आणतो!"

आणलं. पण संध्याकाळी!

त्याचं असं झालं की, मी कारा-बुलाकच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो. फळ्यावर मी आजवर शेकडो वाहनं ताशी शंभरच्या वेगाने पळवली आहेत. पण विकणाऱ्याने बजावलं होतं, "सर, इंजिन नवं आहे. पहिले हजार किलोमीटर चाळिसाच्या वर जायचं नाही." आता शिक्षक माणूस नियम मोडणार कसा? मी काटा चाळिसावर चिकटवून निघालो. मला जीप मागे टाकून गेली, ट्रॅक्टर मागे टाकून गेला, आणि नदीकाठच्या सपाटीवर शाळेचा शिपाई घोड्यावरून माझ्या बरोबरीने आला, सलाम केला, आणि "सर, काही बिघडलंय का?" असं विचारून पुढे निघून गेला!

आणि थांबावं तर आणखी पंचाईत. दिसेल तो म्हातारा टायरला लाथ मारून बघायचा, जणू बैल विकत घेतोय. दिसेल तो माणूस "जोलबोल्दु, गाडी घेतलीस, मग मेजवानी कधी?" म्हणायचा. निम्म्या गावाला मेजवानी हवी होती, उरलेल्या निम्म्याला फेरी. पण सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे चोरांपासून राखण करणारा भोंगा! त्याच्या दोन बटणांच्या दोन डब्या मिळाल्या होत्या. एक बटण दाबलं की गाडी कुलूपबंद, मग कुणी हात लावला की भोंगा सुरू, इंजिन ठप्प; दुसरं दाबलं की हात न लावताही तेच, पुन्हा दाबलं की शांत. कोंबडी सीटवर बसली, भोंगा! वारा आला, भोंगा! शेजारचे असानकुल अके अंगणात खोकले, भोंगा! अके बिचारे तेव्हापासून खोकला आला की शेताच्या बांधापर्यंत चालत जायचे.

चोर मात्र एकदाही फिरकला नाही. त्या आवाजाच्या गाडीला हात लावायला तोही वेडा नव्हता.

तर अशी सगळी सुखं भोगत असतानाच माझ्या मेव्हण्याचं, एलमिर्झाचं लग्न ठरत आलं. डोंगरापलीकडच्या गावातली कुंदुझ नावाची मुलगी. आमच्याकडे नवऱ्या मुलाच्या आईने मुलीच्या कानात कानातली घातली की सोयरीक पक्की. तोवर सगळं हवेत. आणि मुलीचा बाप, ओसमोनाली, म्हणजे नुसता तिखट माणूस! मागे एक स्थळ उशिरा पोचलं म्हणून त्याने चहासुद्धा न पाजता फाटकातून परत पाठवलं होतं. एलमिर्झा चार रात्री झोपला नव्हता. गालफडं बसली होती पोराची.

निघायच्या दिवशी मिनीबस गच्च भरली. काका, माम्या, भेटीची गाठोडी, मिठाया. सासूबाई शेवटी चढायला गेल्या तर पाऊल ठेवायला जागा नाही!

"कुणीतरी उतरा रे," ड्रायव्हर तुर्दुबेक ओरडला. कुणीही हललं नाही.

इथे माझी जीभ घसरली. मी पुढे होऊन म्हणालो, "कुणी उतरू नका! सासूबाईंना मी आणतो. तुमच्या आधी पोचतो की नाही बघा!"

सासूबाईंनी, म्हणजे उरुमकान आपांनी, मोटरसायकलकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "जावईबापू, तुमचा जन्म कुठे झाला होता?"

"चराईला जाताना... वाटेत."

"म्हणूनच तुमचं नाव जोलबोल्दु. वाटेत जन्मलेला माणूस मला वाटेतच ठेवायचा नाही ना?"

सगळी मिनीबस खदाखदा हसली. बुरूलने आपला जाड कोट काढून आईच्या अंगात चढवला, "वारा लागेल गं," म्हणाली, आणि कानातल्यांची मखमली पिशवी आईच्या गळ्यात अडकवली. मिनीबस धूळ उडवत निघून गेली. मागून आम्ही. चाळिसाने!

गावाबाहेर पडलो आणि चढ सुरू झाला. सीटवरचं प्लॅस्टिक मी अजून काढलं नव्हतं, नवेपणा टिकावा म्हणून. त्यावरून सासूबाई मागे मागे घसरायला लागल्या. घाबरून त्यांनी मला कडकडून मिठी मारली. आणि त्याच क्षणी इंजिन ठप्प! भोंगा सुरू!

मी खिशातली डबी काढून भोंगा बंद केला. सासूबाई उतरल्या. किल्ली फिरवली, गाडी पहिल्या झटक्यात सुरू! सासूबाई बसल्या. थोडं पुढे गेलो. चढ आला, मिठी बसली, गाडी बंद, भोंगा!

पुन्हा उतरल्या, सुरू. पुन्हा बसल्या, बंद.

"काय झालंय हिला?" सासूबाई म्हणाल्या.

मी फळ्यासमोर उभा असल्यासारखा घसा साफ केला. "त्याचं काय आहे, मागच्या चाकावर भार वाढला की चौकट खाली दबते. त्यामुळे आतली वायर कुठेतरी चेपली जात असणार. भार जितका जास्त..."

सासूबाईंच्या भुवया वर चढायला लागल्या तेव्हा मला कळलं की हा धडा इथेच थांबवायला हवा. पण उशीर झाला होता. कारण तेवढ्यात डोंगरावरून मेंढरं उतरवणारे दोन मेंढपाळ येऊन उभे राहिले होते.

"म्हणजे आपा जड आहेत म्हणून गाडी बंद पडते?" त्यातल्या थोरल्याने सरळ विचारलं.

"मी असं म्हणालो नाही!"

"असंच म्हणालात," सासूबाई म्हणाल्या.

थोरला मेंढपाळ अंगाने अस्वल होता. "बघू तरी," म्हणत तो मागे बसला. मी गाडी काढली. मस्त चालली! मग धाकटाही त्याच्या मागे बसला. चालली! मग काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी एक मेंढी उचलून मांडीवर घेतली. दोन मेंढपाळ, एक मास्तर आणि एक मेंढी घेऊन ती गाडी झुळझुळ वाहणाऱ्या ओढ्यासारखी चालली! माझा सिद्धांत माझ्याच डोळ्यांसमोर कोलमडला.

सासूबाई बसल्या. बंद! भोंगा! मेंढरं चौफेर उधळली.

थोरला मेंढपाळ मेंढरांमागे धावता धावता ओरडला, "आपा, वजनाचं काही नाही हो! गाडीला तुम्ही आवडत नाही, एवढंच!"

झालं! उरुमकान आपांनी चार मुलं, एक नवरा आणि अख्खा सहकारी गोठा वाकवला होता. त्या एका मोटरसायकलपुढे नमणार होत्या थोड्याच! त्या सीटवर मांड ठोकून बसल्या. "मी आता उतरणार नाही. हिची खोड मोडल्याशिवाय उतरणार नाही! ढकला!"

"सासूबाई, चढ आहे..."

"तुमचा विषय बल आहे ना? लावा मग!"

मी सासूबाईंसकट गाडी खिंडीपर्यंत ढकलली. माझ्या विद्यार्थ्यांना मी आजवर शिकवत आलो की घर्षणामुळे उष्णता निर्माण होते. ते किती खरं आहे हे मला त्या दिवशी पायातल्या बुटांनी समजावलं. खिंडीतून पुढे उतार होता, तिथून इंजिन बंद ठेवूनच घरंगळत निघालो. मिठी घट्ट. मधूनच भोंगा वाजायचा, मी एका हाताने डबी चाचपायचो, सासूबाई डोळे मिटून पूर्वजांची नावं घ्यायच्या. गावात शिरलो तेव्हा लोक घराघरांतून बादल्या घेऊन धावत बाहेर आले. कुठेतरी आग लागली असं वाटलं त्यांना!

ओसमोनालीच्या फाटकात आमची सगळी मंडळी ताटकळत होती. चहा गार झाला होता आणि यजमान तापला होता. एलमिर्झा भिंतीला टेकून उभा होता, चेहरा पिठासारखा.

"आलात?" ओसमोनाली म्हणाला. "मला वाटलं, कानातली घडवायला सोनार शोधताय."

"व्याही, वाट मोठी सुंदर होती," सासूबाई कपाळावरचा घाम टिपत म्हणाल्या. "बघत बघत आलो."

माणूस विरघळला नाही, पण बाजूला झाला. आत गेलो. बसक्या मेजांवर अंथरलेलं लांबलचक दस्तरखान, त्यावर ब्रेडचे ढीग, जॅमच्या वाट्या. कुंदुझ खाली मान घालून बसली होती. घाईत सासूबाईंनी कोटही उतरवला नाही. सगळ्यांनी आशीर्वादासाठी ओंजळी उघडल्या. म्हाताऱ्या काकांनी "यांचा संसार..." एवढं म्हटलं, सासूबाई कानातली घेऊन मुलीकडे वाकल्या.

आणि अंगणातून भोंगा!

मी धावत बाहेर गेलो, बंद केला, धापा टाकत आत आलो. "वारा," मी म्हणालो. पान हलत नव्हतं.

काकांनी पुन्हा "यांचा संसार..." सासूबाई पुन्हा वाकल्या. भोंगा!

पुन्हा धावलो. या वेळी अंगणातला घोडा दोन पायांवर उभा होता. मी परत आलो तर ओसमोनालीचा चेहरा मिरची झाला होता. "हा काय प्रकार आहे? माझ्या मुलीच्या कानाला हात लागला की तुमची गाडी बोंब मारते?"

"बाबा..." कुंदुझ हळूच म्हणाली.

"तू गप्प बस! हा शकुन म्हणायचा की थट्टा?"

"तिसऱ्यांदा नाही वाजणार," मी छातीवर हात ठेवून सांगितलं.

सासूबाई वाकल्या. वाजला!

घोड्याने दोर तोडला. तो सुटला तो सरळ छपरीखालून, जिथे वर्षभराच्या दह्याच्या गोळ्या फळ्यांवर वाळत घातल्या होत्या. फळ्या कोसळल्या. गोळ्या गारांसारख्या अंगणभर टपटपल्या. टर्की पक्षी किंचाळत छपरावर चढले. आतून मुलीची आजी ओरडली, "युद्ध लागलं का रे?"

ओसमोनाली उठून उभा राहिला. त्याने दाराकडे हात केला. शब्द अजून बाहेर पडला नव्हता, पण तो कोणता हे सगळ्यांना कळलं होतं. एलमिर्झाने माझ्याकडे पाहिलं. त्या पोराची ती नजर मी अजून विसरलो नाही. मला वाटलं, आत्ताच्या आत्ता गाडी नदीत ढकलावी आणि आपणही मागे बसून जावं.

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. रुमाल काढायला त्यांनी कोटाच्या खिशात हात घातला. हात बाहेर आला तेव्हा त्यात रुमाल नव्हता. काळी, छोटी, दोन बटणांची डबी होती!

दुसरी डबी! मी बुरूलला सांभाळायला दिली होती आणि तिने ती कोटाच्या खिशात ठेवली होती. सासूबाई पुढे झुकल्या की, किंवा मला बिलगल्या की, बटण दाबलं जायचं. मी बुरूलकडे पाहिलं. बुरूल जॅमच्या वाटीत काहीतरी शोधत होती.

"ते काय आहे?" ओसमोनालीने विचारलं.

आता सांगायचं काय? की तुमच्या विहीणबाई मघापासून खिशातून भोंगा वाजवताहेत?

पण उरुमकान आपा त्या उरुमकान आपाच! त्यांनी एकदाच डबीकडे पाहिलं, एकदा मुलाकडे पाहिलं, आणि ताठ होत हसल्या.

"विचारलंत एकदाचं! अहो व्याही, मी मघापासून वाजवतेय, तुम्ही विचाराल म्हणून! आमच्याकडे भेटीचा घोडा मुकाट्याने देत नाहीत. हाक मारून देतात. आता घोडे तुमच्याकडे पुष्कळ. म्हणून म्हटलं, आपल्या व्याह्यांना नव्या काळाचा घोडा द्यावा. बाहेर उभा आहे. ही घ्या त्याची डबी. किल्ली जावईबापू देतील."

मी म्हणालो, "पण..."

दस्तरखानाखाली बुरूलची टाच माझ्या पायावर आली. माझा "पण" तिथेच मेला.

ओसमोनाली डबी हातात घेऊन खिडकीशी गेला. बटण दाबलं. भोंगा! पुन्हा दाबलं. शांतता! त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू असं हसू पसरलं, जसं तापलेल्या तव्यावर लोणी पसरतं. "माझी थट्टा चाललीय असं वाटलं मला! काय दिलदार माणसं!" त्याने मला छातीशी धरलं. "असा जावई ज्या घरात आहे, त्या घरात मुलगी द्यायला मी दहादा विचार करतोय, मूर्ख कुठला मी!"

काकांनी आशीर्वाद एका दमात उरकला. कानातली कानात गेली. कुंदुझने खाली मान घालूनच एलमिर्झाकडे असं पाहिलं की पोराच्या गालांवर रक्त आलं. सगळ्यांनी "ओमीन" म्हणत चेहऱ्यावरून हात फिरवले. मीही फिरवले. त्यातच डोळे पुसून घेतले.

किल्ली दिली. ओसमोनालीने माझ्या डोक्यावर उंच पांढरी नवी टोपी चढवली आणि परतभेट म्हणून एक मेंढा दिला. अंगणात गावातले म्हातारे जमून टायरला लाथा मारत होते. मी कुणालाही अडवलं नाही. सीटवरचं प्लॅस्टिक ओसमोनालीने पहिल्याच झटक्यात टरकावून काढलं, ते मात्र मला बघवलं नाही.

परतताना मिनीबसमध्ये मला सगळ्यात मागे, फाटक्या टायरवर जागा मिळाली. मांडीवर मेंढा. वळण आलं की तो माझ्याकडे कलंडायचा, उलट वळण आलं की मी त्याच्याकडे. पुढे गाणी चालली होती. एलमिर्झा सगळ्यांत मोठ्याने गात होता, आणि खरं सांगतो, त्याचा तो बेसूर आवाज ऐकून मला थोडं बरंही वाटलं.

एवढ्यात सासूबाई पुढच्या सीटवरून वळल्या. आवाजात कधी नव्हे तो मऊपणा! "जावईबापू, आज तुम्ही आमची अब्रू राखलीत. चार मुलांत एकही तुमच्यासारखा निघाला नाही."

लग्नाला एवढी वर्षं झाली, हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मोटरसायकल काय, येते नि जाते! मी मेंढ्याच्या पाठीवर हात फिरवत म्हणालो, "त्यात काय एवढं, सासूबाई! मी तुमचाच आहे."

"तेच म्हणते मी," सासूबाई म्हणाल्या. "आता वसंतात धाकट्याचं बघायचंय. तुमच्याकडे ती लाल गाय आहे ना, दूध बरं देते का?"

गाय सध्या माझ्या चुलतभावाच्या गोठ्यात आहे. कुणी विचारलं तर मेली म्हणून सांगा.