सातव्या डावाची झडप

एका जंगलात भांडणसुद्धा पाळीपाळीने होत असे. पाच दिवस एका बाजूचे, पुढचे पाच दिवस दुसऱ्या बाजूचे. या पाच दिवसांना डाव म्हणत. एका डावात एकच काम करायचे. बीळ खणा, नाहीतर दाणागोटा जमवा, नाहीतर कवायत करा, नाहीतर शत्रूवर चालून जा. समोरच्याचा डाव सुरू झाला की आपण जिथे असू तिथेच गप्प उभे राहायचे.

वडाच्या शेंड्यावर एक धनेश पक्षी बसलेला असे. पाचवा दिवस मावळला की तो "डाव संपला" म्हणून ओरडे आणि सगळे त्याचे ऐकत. आपल्याकडे असा धनेश नाही, बाळांनो, म्हणून आपण सगळे एकदमच भांडतो.

हा नियम लढणाऱ्यांना होता. पोरेबाळे सांभाळणाऱ्यांना तो लावलेला नव्हता, कारण त्यांचा डाव कधी संपतच नसे.

ओढ्याच्या अलीकडे मुंगसे राहत, पलीकडे घुशी. दर दसऱ्याला नवी लढाई मांडली जाई. त्या वर्षी मुंगसांचा सेनापती होता सुभानराव. हुशार होता. इतका हुशार, की दुसऱ्या कोणाचे ऐकण्याची त्याला गरजच पडत नसे.

सुभानरावाचे म्हणणे असे, की बिळे खणून आजवर कोणी लढाई जिंकलेली नाही. घुशी खणत बसणार, कारण त्यांना दुसरे येते काय? आपण पहिले सहा डाव नुसती कवायत करायची. बीळ नाही, कोठार नाही, काही नाही. सातव्या डावात झडप घालायची. तोवर घुशींची बिळे तयार असतील, दाणे भरलेले असतील आणि शिपाई एकही नसेल. आयते घर, आयते अन्न. बेताचे नाव त्याने 'सातव्या डावाची झडप' ठेवले. नाव ठरल्यावर मुंगसांना निम्मी लढाई जिंकल्यासारखे वाटले.

सुभानरावाची बायको तानूबाई हिला दसऱ्यालाच सात पिल्ले झाली होती. तिने एवढेच विचारले, "अहो, ऐन थंडीत या पोरांना ठेवायचं कुठं?"

"सहा डाव कळ काढ," सुभानराव म्हणाला.

तानूबाईने पिल्लांकडे पाहिले. सगळ्यात धाकटे उंबराएवढे होते आणि त्याला कळ म्हणजे काय हे माहीत नव्हते.

मग बेताची रंगीत तालीम सुरू झाली. ओढ्याकाठच्या वाळूत नकाशा काढला. पांढरे खडे म्हणजे मुंगसे, काळे खडे म्हणजे घुशी. काळ्या खड्यांच्या बाजूने खेळायला हैबतीकाका नावाचे म्हातारे मुंगूस बसवले. हैबतीकाकाने सहा डाव मुकाट्याने खेळून काढले आणि सातव्याला एक काळा खडा उचलून बिळाच्या तोंडात ठेवला. दार बंद. झडप फसली.

"घुशी असं करणार नाहीत," सुभानराव म्हणाला.

"मी घूस असतो तर केलं असतं," हैबतीकाका म्हणाला.

दुसऱ्या दिवशी हैबतीकाकाला नारळ मिळाला. त्यानंतर सुभानराव दोन्ही बाजूंनी स्वतःच खेळू लागला. घुशींचा डाव आला की तो डोळे मिटून खोल विचार करी आणि काळे खडे होते तिथेच राहू देई. अशा चाळीस लढाया तो खेळला. चाळीसही जिंकला. एवढा यशस्वी सेनापती मुंगसांनी पूर्वी पाहिला नव्हता.

इकडे डाव चालले होते. मुंगसे कवायत करत, घुशी खणत. मुंगसे पुन्हा कवायत करत, घुशी दाणे ओढून नेत. मुंगसांच्या छात्या पुढे आल्या आणि पोटे आत गेली. मार्गशीर्ष लागला. थंडी अशी पडली की सकाळी गवतावर पाय ठेववेना. तानूबाई सात पिल्लांना पोटाशी घेऊन झुडपाखाली बसे आणि सातांपैकी एकजण नेहमी बाहेर राही.

सातवा डाव उजाडला. फौज निघाली. वाळूतला ओढा बोटभर रुंद होता, म्हणून सुभानरावाने वाटेला अर्धा दिवस धरला होता. खरा ओढा खरा होता. शिवाय फौज उपाशी होती. वाटेत एक बेडूक दिसला की दहा शिपाई रांग सोडत आणि सेनापती अकरावा असे. करता करता पाचव्या दिवशी संध्याकाळी फौज घुशींच्या दाराशी पोचली. सुभानरावाने अंग फुलवले. झडप घालण्यासाठी पुढचा पाय उचलला.

"डाव संपला," धनेश ओरडला.

सुभानरावाने पाय खाली ठेवला. आता पाच दिवस घुशींचे. शत्रूच्या दारात, उघड्यावर, मार्गशीर्षाच्या थंडीत सगळी फौज उभी राहिली. घुशी आत काय करताहेत ते कळत नव्हते. फक्त खणल्याचा आवाज येत होता. दार बंद करताहेत, हे एखाद्या कवायत न केलेल्या मुंगसालाही कळले असते. सुभानरावाला हैबतीकाकाची फार आठवण आली. ती आली याचा त्याला रागही आला.

पाच दिवसांनी धनेश ओरडला. मुंगसांचा आठवा डाव. सुभानरावाने दाराकडे पाहिले तर दार सताड उघडे. काळे खडे होते तिथेच होते. त्याचा ऊर भरून आला. "बघा, मी म्हणालो नव्हतो?" असे ओरडत तो आत घुसला. पहिले वळण मोकळे. दुसरे मोकळे. तिसऱ्या वळणावर ओल्या मातीचा वास येत होता. तिथे एक नवी खोली होती आणि खोलीच्या दारात तानूबाई उभी होती.

"अंगावरचे केस आधी खाली घ्या," ती हळू आवाजात म्हणाली. "पोरं आत्ता कुठं निजलीत."

झाले होते असे. फौज निघाली त्या दिवशी धाकट्याने हलायचे सोडले. तानूबाईने त्याला तोंडात धरले, बाकी सहांना मागे घातले आणि वरच्या अंगाने ओढा ओलांडून घुशींच्या मागच्या दाराशी जाऊन बसली. घुशींची पोरे सांभाळणारी म्हातारी ठकूबाई बाहेर आली. तिने पोरे पाहिली. समोरच्या दाराकडे मुंगसांची फौज येते आहे हेही तिला ठाऊक होते. घुशींच्या हातात एकच डाव होता. त्यात दार बुजवता आले असते, किंवा बाळंतिणीला उबेची खोली खणता आली असती. दोन्ही जमण्यासारखे नव्हते. ठकूबाईने फार विचार केला नाही, कारण तिने तालीम केलेली नव्हती.

सुभानराव खोलीत डोकावला. पिंजलेल्या गवतावर पिल्ले पसरली होती. त्याने मोजली. सहा झाल्यावर तो थांबला. पुढे मोजायचा त्याला धीर होईना.

"सात आहेत," तानूबाई म्हणाली. "धाकटंसुद्धा आता पितंय."

सुभानराव मट्‌कन खाली बसला. त्याला लाज वाटली. मघाशी फुगलेला ऊर रिकामा झाला. तेवढ्यात ठकूबाई आली. तिने त्याच्यापुढे मूठभर दाणे ठेवले आणि बाहेरची मंडळी किती आहेत ते विचारले, म्हणजे तेवढे काढायला बरे. मुंगसांना दाणे फारसे आवडत नाहीत. पण त्या दिवशी सगळ्या फौजेने खाल्ले आणि कोणी नाक मुरडले नाही.

संध्याकाळी मुंगसांचा भाट आला आणि लढाईचे काय लिहू, असे विचारू लागला. सुभानरावाने तोंडातला दाणा गिळला. मग त्याने सांगितले, "लिही, आठव्या डावात फौज शत्रूच्या राजधानीत शिरली. आपला एकही जीव गेला नाही."

भाटाने तसेच लिहिले. बाळांनो, त्यात एक अक्षर खोटे नव्हते.

तात्पर्य: चढाईचा बेत नेहमी लवकर आखावा आणि घरात सर्वांना नीट समजावून सांगावा, म्हणजे बायकोला पोरे घेऊन शत्रूकडे वेळेत पोचता येते.