आधी बैलाचा घास

वाकडच्या चिमाजीनं त्या बैलपोळ्याला एक साधाच बेत केला होता: घरची रीत यंदा पोरीला शिकवायची.

पोर म्हणजे रंभा, सात वर्षांची. चिमाजीच्या बायकोच्या, शालनबाईच्या, लांबच्या बहिणीची पोरकी लेक. नवराबायकोनं दोन वर्षांपूर्वी तिला पोटाशी धरली. थोरली जाऊ अंबुबाई तेव्हाच म्हणाली होती, "परकं रोप हाय, भावजी. ह्या घरच्या रीती न्हाई लागायच्या त्याला." ते बोलणं चिमाजीच्या काळजात कुसासारखं रुतलेलं. आणि आज अंबुबाई, पिंपरीच्या कारखान्यात लागलेल्या नवऱ्यासकट, जेवायलाच हजर!

चिमाजीनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "रंभे, सात पिढ्यांची रीत हाय. बैलाचं पोट भरल्याबिगर ह्या घरात कुनी घास घेत न्हाई. जा, आज मान तुझा." (आवाज जरा कमी लावायला हवा होता, हे त्याला नंतर सुचलं.)

रंभा गेली. चिमाजी पाहुण्यांना सात पिढ्यांची नावं सांगत बसला. पाचव्या नावाला अडला, तेवढ्यात आतून शालनबाई किंचाळली, "अवं, पोळ्यांची दुरडी कुठाय?"

सगळे गोठ्याकडं धावले. दुरडी पालथी. तीस पुरणपोळ्यांतली एक शिल्लक नाही! हरण्या नाक चाटत होता आणि चांद्या दुरडीच खावी का, या विचारात होता.

चिमाजीनं दुरडी उचलून आत पाहिलं. "रंभे! समद्या?"

"त्यांचं पोट भरंच ना, आबा!"

"बघा! मी म्हनलं व्हतं," अंबुबाई म्हणाली आणि पोरीकडं वाकली. "आन् हनुवटीला काय गं तुझ्या? पुरन? बैलाच्या आधी खाल्लंस?"

आता संपलंच सगळं, चिमाजीला वाटलं.

"खाल्ली की," रंभा म्हणाली. "पयली एक आपन खायाची, गव्हाणीमागं बसून. मग मिशा पुसायच्या. मग बैलाला. गेल्या साली आबांनी तसंच केलं. मला मिशा न्हाईत, म्हनून हनुवटी ऱ्हायली."

चिमाजीला गव्हाणीतच डोकं घालावंसं वाटलं. अंबुबाईनं मात्र डोळे विस्फारून पोरीला उचललं. "अगं बाई! मामंजीबी आस्संच करायचे! भावजी, ही तर ह्याच घरची!"

मग सगळे पिठलं-भाकरीला बसले. चिमाजीनं समाधानानं पहिला घास उचलला, तोच गोठ्यात हरण्या हंबरला. रंभानं चिमाजीच्या ताटातली भाकरी काढून घेतली.

"थांबा, आबा. त्याचं अजून पोट भरलं न्हाई."